मल्लिगे आणि सात फरश्या

मल्लिगे नागुबाईला तिसऱ्यांदा चावली, त्या दिवशी घरातली चौथी बशी फुटली. मधे एकदा ती चावली नव्हती, नुसतीच पंख पसरून अंगावर आली होती. पण तेवढ्यानंही नागुबाईच्या हातून बशी सुटायची ती सुटलीच.

मल्लिगे म्हणजे काकाकुवा. अंगानं कोंबडीएवढी, पांढरीशुभ्र, डोक्यावर पिवळा तुरा आणि तोंडाला अडकित्ता. सत्याप्पाच्या खांद्यावर ती बसलेली असायची आणि नागुबाई चहा घेऊन जवळ आली की तुरा ताडकन उभा राहायचा. मग फिस्स असा आवाज, मग डोलणं आणि मग चोच. हुबळीत रेल्वे वर्कशॉपच्या मागं दोन खोल्या बांधून राहिलेल्या या बाईनं आयुष्यात सासू, दोन नणंदा आणि नळावरच्या तमाम बायका यांना पुरून उरून दाखवलं होतं. आता साठीला टेकल्यावर एका पाखरानं तिला स्वतःच्या नवऱ्याजवळ जायची बंदी केली होती.

शेजारची दुर्गव्वा कुंपणावरून विचारायची, "काय नागक्का, सवत काय म्हणते? गोरीपान हाय की ओ!"

"असू दे गोरी. भाकरी थापायला मीच लागते न्हवं?" नागुबाई हसून म्हणायची. पण आत गेल्यावर तिचं हसू टिकायचं नाही.

ही सवत तिनंच घरात आणली होती, ही त्यातली खरी गंमत. विद्यानगरात बाळाचार्य प्राध्यापकांकडे नागुबाईनं बावीस वर्षं घरकाम केलं. त्यांच्या जहाजावरच्या मुलानं हा पक्षी आणला होता आणि प्राध्यापकांच्या पत्नी हेमावतीबाईंनी त्याला मोगऱ्याचं कानडी नाव दिलं होतं. पुढं म्हातारपणी दोघं मुलाकडे बेंगळूरला निघाली. फ्लॅटमध्ये एवढा आरडाओरडा करणारं पाखरू कोण ठेवून घेणार? हेमावतीबाई पिंजऱ्याला धरून रडायला लागल्या आणि नागुबाई बोलून गेली, "द्या माझ्याकडं." समोरचं माणूस रडायला लागलं की तिच्या तोंडातून नको म्हणून कधी निघालं नाही.

विद्यानगरात मल्लिगे पिंजऱ्यात असायची, म्हणून तिचा स्वभाव कुणाला कळला नव्हता. सत्याप्पानं पहिल्याच दिवशी पिंजऱ्याचं दार उघडलं. कोंडलेलं काही त्याला बघवत नसे.

आणि तिसऱ्या दिवशी नागुबाईला सैपाकघरात एक आवाज ऐकू आला, तो तिच्या नवऱ्याचा होता.

यात एवढं काय, असं वाटेल. पण सत्याप्पानं अडतीस वर्षं वर्कशॉपात घण मारले होते. तिथल्या दणदणाटात बोलून उपयोग नसतो. त्याला न बोलायची सवयच जडली. रिटायर झाल्यावर तर तो खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून भिंतही त्याला धड दिसत नव्हती. "जेवता?" "हूं." "भात वाढू?" "नगं." एवढ्यावर त्याचा दिवस सरायचा. मुलगा परसू पुण्याला. तो फोन करायचा तेव्हा हा नुसता रिसीव्हर कानाला धरून बसायचा.

तोच माणूस आता मल्लिगेशी बोलत होता. वाफेच्या इंजिनाबद्दल बोलत होता, पाय मोडलेल्या एका सोबत्याबद्दल बोलत होता. छप्पन्न साली वडिलांनी बौद्ध धर्म घेऊन घरातले देव टोपलीत घालून बाहेर काढले तेव्हा आपण सोळा वर्षांचे होतो, टोपली आपल्याच डोक्यावर होती आणि आई दारात उभी राहून हसावं की रडावं या विचारात पडली होती, हेही त्यानं सांगितलं. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली तरी यातलं निम्मं नागुबाईला ठाऊक नव्हतं. हातातला डाव तसाच धरून ती दाराआड ऐकत राहिली. तिला आनंद झाला, खूप झाला. आणि त्यातच हेवाही वाटला, कारण हे सगळं तो तिला सांगत नव्हता.

बश्या फुटल्या त्या तिनं सोसल्या. पण डोळ्याच्या डॉक्टरांनी सत्याप्पाच्या एका डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली, सहा आठवड्यांनंतरची. ते म्हणाले, "ऑपरेशन सोपं आहे, पुढची निगा महत्त्वाची. महिनाभर दिवसातून सहा वेळा डोळ्यात थेंब. डोळ्याला धक्का लागता कामा नये. थेंब कोण घालणार?"

सत्याप्पाचे हात थरथरायचे. नागुबाई म्हणाली, "मी घालते की."

घरी येऊन तिनं साध्या पाण्याची सराव-बाटली केली. सत्याप्पानं खुर्चीत मान मागं टाकली, ती त्याच्यावर वाकली आणि खांद्यावरच्या मल्लिगेनं तिच्या हनुवटीचा लचका तोडला. लगेच वळून तिनं सत्याप्पाचीही कानाची पाळी धरली. दोघांच्या अंगावर रक्त उडालं.

"मला?" सत्याप्पा कान धरून म्हणाला. "मला चावली ही?" कानापेक्षा त्याचं मन जास्त दुखावलेलं होतं.

फोनवर परसू म्हणाला, "आई, आजच्या आज पक्षी कुणाला तरी देऊन टाक. ही चोच डोळ्यावर बसली तर काय करशील?" नागुबाईला ते पटलं. मग तिनं खुर्चीतल्या सत्याप्पाकडे बघितलं. पक्षी राहिला तर नवऱ्याचा डोळा जायचा आणि पक्षी गेला तर नवऱ्याचं बोलणं जायचं. यातलं काय द्यायचं, ते तिला ठरवता येईना.

दुर्गव्वानं सांगितलं, "मीठ-मोहरी ओवाळून टाका. दृष्ट लागली तिला."

"आमच्या घरात छप्पन्न सालापासनं दृष्ट काढत न्हाईत," नागुबाई म्हणाली.

मग नवरा-बायकोनं आपलं डोकं चालवलं. मल्लिगे चावली की तिला डाल्याखाली कोंडायचं, कोंबड्यांना झाकतात तसं. नागुबाई जवळ आली आणि मल्लिगे गप्प बसली तर सत्याप्पानं तिच्या पाठीवरून हात फिरवून शाबासकी द्यायची. शाबासकीवर सत्याप्पाचा भारी भरवसा होता. "अडतीस वर्षांत एका साहेबानं माझी पाठ थोपटली न्हाई," तो म्हणाला. "थोपटली असती तर मी दुप्पट काम केलो असतो."

झालं भलतंच. डाल्याखाली मल्लिगे मजेत राहायला लागली. खालच्या वर्तमानपत्राच्या चिंध्या करायची, त्यांत बसून घुमल्यासारखा आवाज काढायची आणि बाहेर काढलं की दुप्पट चवताळायची. शाबासकीचा तर असा परिणाम झाला, की नागुबाई सैपाकघराच्या दारात दिसली तरी तुरा उभा. आठ दिवस त्यात गेले.

आपल्याला कळेनासं झालं की शिकलेल्या माणसाला विचारावं, ही त्या घराची सासऱ्यांपासूनची रीत. त्याप्रमाणे दोघं पिंजरा घेऊन बसनं धारवाडला सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथं म्हशी आणि शेळ्यांच्या रांगेत मल्लिगेनं असा काही गळा काढला की एक शेळी दावं तोडून पळाली आणि यांचा नंबर आपोआप पुढं आला.

डॉक्टर श्यामला तिशीची होती, धारवाडचीच. तिनं सगळं ऐकून घेतलं, सुई-औषध काही काढलं नाही. म्हणाली, "आज्जा, घरी तिच्याशी जसं वागता तसं वागून दाखवा."

सत्याप्पानं मल्लिगेला मांडीवर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला. मानेपासून शेपटीपर्यंत, सावकाश. बोटं जड, ओबडधोबड, घणाचा दांडा धरून घट्टे पडलेली. पण पिसांवरून ती किती हलकी जात होती! पुन्हा मानेशी, पुन्हा शेपटीपर्यंत. मल्लिगेनं पंख सैल सोडले, अंग खाली दाबलं आणि ती धापा टाकायला लागली. श्यामला मल्लिगेकडे बघत होती. नागुबाई हाताकडे बघत होती.

"पुरे," श्यामला म्हणाली. "हिचे डोळे बघा, तांबूस आहेत. ही मादी. आणि आज्जा, हिच्या लेखी तुम्ही हिचे नवरे आहात."

"आनि मी?" नागुबाईनं विचारलं.

"तुम्ही तिच्या संसारात घुसलेली बाई."

नागुबाईला हसू फुटलं आणि राग पण आला. श्यामला समजावून सांगत होती, की पाठीवरून आणि पंखाखालून हात फिरवणं हे पाखरांत फक्त जोडीदाराचं काम असतं. "तुम्ही शाबासकी देता, तिला वाटतं लग्न लागलं. आणि डालं? अंधार, ऊब, फाडायला कागद. ती शिक्षा नव्हे, तुम्ही तिला बाळंतिणीची खोली दिलीत. मग त्या खोलीची राखण ती करणार नाही तर काय?"

"पन मलाच कशाला चावली?" सत्याप्पानं कान पुढं केला.

"तुम्हाला वाचवायला. शत्रू इतक्या जवळ आला आणि नवरा ढिम्म हलेना. ऊठ, पळ इथनं, म्हणून चिमटा काढला."

सत्याप्पा कानाच्या पाळीला हात लावून जरा सुखावल्यासारखा दिसला. ते नागुबाईच्या नजरेतून सुटलं नाही.

श्यामलानं मग बरंच काही सांगितलं. पाखरू वाईट नाही, त्याला वेगळा अर्थ कळतोय. हात लावायचा तो फक्त डोक्याला, मानेखाली नाही. खांदा बंद, छातीच्या खाली येईल अशा दांडीवर बसवायचं. डालं, पेटीमागची सांदर, अंधाराची एकही जागा नको. कुरतडायला शेवग्या-पेरूच्या फांद्या द्या, दिवस मावळला की झोपू द्या. चावली तरी ओरडू नका, तुमचं ओरडणं तिला तमाशासारखं आवडतं. गुमान खाली ठेवा आणि पाठ फिरवा. शेवटी ती नागुबाईकडे वळली. "आणि अक्का, तिला आवडतं ते खाणं यापुढं फक्त तुमच्या हातून. पण जिथून तुरा खाली राहतो तिथूनच. तुरा उभा राहिला तर तुम्ही चुकलात असं समजा, ती नव्हे."

"सा आठवड्यांत होईल?" नागुबाईनं विचारलं. "त्यातला एक तर संपला."

"सांगता येत नाही," श्यामला म्हणाली. "पाखरू शिकेल. आज्जांचा हात शिकला पाहिजे."

परतीच्या बसमध्ये नागुबाईच्या डोळ्यांसमोरून तो हात हलत नव्हता. तिच्या पाठीवरून तो असा कधीच फिरला नव्हता. माणूस वाईट नव्हता. दारूला शिवला नाही, तिच्यावर हात उगारला नाही, ती तापानं फणफणली तेव्हा त्यानं स्वतः पेज रांधून दिली होती. पण तिचे वडील गेले तेव्हासुद्धा तो समोर पाण्याचा तांब्या ठेवून बाजूला उभा राहिला होता. पाठीवरून हात फिरवावा, हे त्याला सुचलंच नव्हतं. आणि ही काही मागून घ्यायची गोष्ट नव्हे. तिला वाईट वाटलं, आणि एका पाखरावरून वाईट वाटावं याची लाजही वाटली.

घरी आल्यावर सत्याप्पानं सागवानी दांडी घासूनपुसून खिडकीशी उभी केली, शेजारी आपली खुर्ची. तिथून सैपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत शहाबादी फरश्या होत्या बरोबर सात. नागुबाई सातव्या फरशीवर उभी राहायची आणि "बा, मल्लिगे, बा," असं हेमावतीबाईंसारखं कानडीत बोलवायची. तुरा खाली असला की वाटीत शेंगदाणा फेकायचा आणि मागं वळायचं. एवढंच. दिवसातून वीसेकदा. दुर्गव्वा म्हणाली, "साठीच्या वयात लंगडी खेळायलाय काय ओ?"

आठवड्यानं ती सहाव्या फरशीवर आली. मग पाचव्या. चौथीवर तुरा उभा राहिला, ती पुन्हा पाचवीवर गेली, दोन दिवसांनी चौथीवर आली. चोचीची भीती वाटायची. तरी पाय तिथंच ठेवायचा आणि आवाज मऊ ठेवायचा. हळूहळू तिला मल्लिगे वाचता यायला लागली. तुरा जरा उचलून पडला तर नुसतं कुतूहल. शेपटीचा पंखा झाला तर मागं सरायचं. आणि एक दिवस तिला बघून मल्लिगेनं स्वतःहून मान वाकवली, तेव्हा नागुबाईला लेकरू पहिलं पाऊल टाकतं तेव्हा होतो तसा आनंद झाला.

कठीण गेलं ते सत्याप्पाला. तो मल्लिगेशी बोलायचा, डोक्यावर दोन बोटं खाजवायचा. पण हात आपोआप मानेखाली उतरायचा. मग तो हात काखेत दाबून बसायचा.

ऑपरेशनला बारा दिवस राहिले तेव्हा नागुबाई दुसऱ्या फरशीवर पोचली होती. त्या दुपारी ती दळण घेऊन लवकर परतली. सत्याप्पा खुर्चीत होता, मल्लिगे मांडीवर, आणि हात मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश फिरत होता. नागुबाईला बघताच मल्लिगेनं पंख उघडले आणि ती फिस्कारली. उंबऱ्यापाशी, सातव्या फरशीपाशी उभ्या असलेल्या नागुबाईवर.

नागुबाईनं दळणाचा डबा खाली आदळला. "किती दिस चालू हाय हे?"

"चार."

"मी तिकडं एकेक फरशी मोजत पुढं यायला जीव टाकायलेय, आनि तुमी इकडं..." तिनं पदर कमरेला खोचला. "देऊन टाकते मी हिला. उद्याच देते."

सत्याप्पानं मल्लिगेला दांडीवर ठेवलं. आपले दोन्ही हात उताणे करून बघितले. "हाताला सवय लागली ग," तो म्हणाला. "जल्मभर घण धरला. तो गेला. मग ही आली. आता हात रिकामा ऱ्हातोय, त्याचं काय करू ते कळेना." मग हात मांडीवर ठेवून म्हणाला, "दे. डोळ्यापेक्षा मोठी न्हाई ती."

आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला. संध्याकाळी पुन्हा पहिल्यासारखंच. जेवता? हूं. भात? नगं.

नागुबाईला ती शांतता ओळखीची होती आणि तिची तिला चोचीपेक्षा जास्त भीती वाटत होती. सकाळी उठून तिनं पेरूच्या दोन फांद्या, एक पक्कड आणि तारेचं भेंडोळं नवऱ्याच्या मांडीवर टाकलं. "रोज नवी फांदी दांडीला बांधून द्यायची. हात रिकामे ऱ्हायला नगंत," ती म्हणाली, आणि सातव्या फरशीवर जाऊन उभी राहिली. "बा, मल्लिगे, बा."

सत्याप्पा फांद्या बांधायला लागला. दिसत नव्हतं तरी चाचपून बांधायचा. मल्लिगे तोडायची, हा पुन्हा बांधायचा. मानेखाली हात नेला नाही. अकरा दिवस नेला नाही. नागुबाई सहा, पाच, चार करत आली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती पहिल्या फरशीवर उभी राहिली आणि मल्लिगेनं तिच्या बोटांतून शेंगदाणा घेतला. बोट शाबूत राहिलं. पण बोटातून दाणा घेणं वेगळं आणि नवऱ्याच्या तोंडावर वाकलेली बाई बघून घेणं वेगळं, हे नागुबाईला चांगलं ठाऊक होतं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून, काळा चष्मा लावून सत्याप्पा घरी आला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. दांडी नागुबाईनं दोन फरश्या लांब सरकवून ठेवली होती. परसू फोनवर म्हणत होता की पिंजऱ्यात घाल तिला. पण पिंजऱ्यातून बघून ती जास्त चिडेल आणि महिनाभर चिडत राहील, असं नागुबाईला वाटलं. तिनं हात धुतले, बाटली हलवली, मल्लिगेच्या वाटीत एक दाणा टाकला. मग नवऱ्याचा चष्मा काढून त्याच्यावर वाकली.

पाठ मल्लिगेकडे होती. तुरा दिसत नव्हता. नागुबाईचे कान मागं लागले होते. पहिला थेंब सत्याप्पाच्या भुवईवर पडला.

"भ्यायलीस व्हय?" त्यानं विचारलं.

"गप बसा. डोळा उघडा."

तेवढ्यात तिच्या पाठीला काहीतरी लागलं. ती दचकून ओरडणार होती. पाच आठवड्यांची सवय, म्हणून ओरडली नाही. ती चोच नव्हती. ते जड, घट्टे पडलेलं काहीतरी तिच्या मानेशी टेकलं आणि सावकाश खाली उतरलं, पदरावरून, कंबरेपर्यंत. पुन्हा मानेशी गेलं आणि पुन्हा खाली आलं. दुसरा थेंब गालावर ओघळला.

"अवो," ती कशीबशी म्हणाली, "मी हाय. मल्लिगे तिकडं हाय."

"ठावं हाय," सत्याप्पा म्हणाला. "पाखराला एवढी रुंद पाठ असते व्हय?"

मागून फिस्स झालं. नागुबाईनं मान वळवून बघितलं. मल्लिगेचा तुरा अर्धा उठला होता, शेपटी मात्र मिटलेली होती. दोघी जणी एकमेकींकडे बघत राहिल्या. नागुबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.

"बंदे, बंदे," ती मऊ आवाजात म्हणाली. "आले ग, तुझा दाना घेऊन आले. एवढं होऊ दे."

तुरा हळूहळू खाली बसला. मल्लिगेनं पेरूची फांदी पायात धरली आणि ती सोलायला लागली. सत्याप्पाचा हात थांबला नव्हता. नागुबाई परत वाकली, आणि तिसरा थेंब बरोबर डोळ्यात पडला.